पाच ठरले होते

"जनावरांची डॉक्टर होऊन करणार काय तू? म्हशीची नाडी बघणार?" बसवंतअप्पांनी विचारलं आणि स्वतःच हसले.

हसताना त्यांचा उजवा हात हलला, तसं मशीन कोकलायला लागलं. शफीकभाई धावत आले. त्यांनी अप्पांचा हात सरळ केला, नळी तपासली, बटण दाबून मशीनला गप्प केलं आणि म्हणाले, "अप्पा, हसा, बोला, शिव्या द्या, काही करा. पण सुईचा हात हलवू नका."

शिक्षणाच्या मदतीची मुलाखत डायलिसिसच्या खोलीत घेतलेली तुम्ही कधी ऐकलीय? माझी झाली. आमच्या गावच्या बाजार मंडळाचा शिक्षणनिधी होता. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्याच्या बाजारातल्या, हमाल-मापाड्यांच्या पोरांना त्यातून दरवर्षी मदत मिळायची. निधीचे अध्यक्ष बसवंतअप्पा हलकुडे, गावातले सगळ्यात जुने अडते. त्यांच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा चार-चार तास त्यांना धर्मादाय दवाखान्यातल्या पलंगावर पडून राहावं लागायला लागलं. अंगातलं रक्त एका नळीनं मशीनमध्ये जायचं, धुऊन दुसऱ्या नळीनं परत यायचं. बाकीच्या दिवशी त्यांच्यात उठून बसायचं त्राण नसायचं. मग मंडळाचा सगळा कारभार त्या पलंगाभोवतीच चालायचा. त्या दिवशीही सेक्रेटरी बियाणी त्यांच्या पायाशी स्टूल ओढून बसले होते, आणि मी बारावीचं प्रमाणपत्र छातीशी धरून समोर उभी.

शेजारच्या पलंगावर, तशाच दोन नळ्या लावून, माझे वडील पडले होते.

दादा अप्पांच्याच अडतीवर मापाडी होते. नागनाथ भिसे. जन्म सगळा काट्यापाशी पोती मोजण्यात गेला. आमच्या मोंढ्यात जुन्या लोकांचा भाव तोंडानं ठरत नसे. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा आवळला की पाच. याला हत्ता म्हणतात. सरकारनं तो कधीच बंद केलाय, पण जुनी खोडं ऐकतात होय! लहानपणी मी दादांचा सदरा ओढून विचारायची, "आत काय चाललंय?" ते म्हणायचे, "ज्याचा हात आत, त्यालाच ठावं. आपण काट्यापाशी थांबायचं." हत्त्यात ठरलेलं तोंडानं बोलायचं नाही आणि मोडायचं नाही, हे मात्र ते देवाची शपथ घेतल्यासारखं सांगायचे. मापाड्याचा स्वतःचा हात त्या रुमालाखाली कधी जात नाही. तो मान मालवाल्याचा.

पण दवाखान्यात पलंगाला पलंग लागून आला आणि मालक-चाकर सारखेच झाले. दोघांनाही दिवसाला मोजून पेलाभर पाणी. दोघांनाही केळं, नारळपाणी, टोमॅटो बंद, कारण किडनी नसलेल्या माणसाला ते विषच. पण मशीन लागल्यावर पहिल्या तासात थोडं काही खाल्लं तर मशीन ते धुऊन काढतं, असं तिथल्या सगळ्या पेशंटांनी आपापसात ठरवून टाकलं होतं. अप्पा घरून केळं लपवून आणायचे आणि अर्धं दादांना द्यायचे. वरून टॉवेल टाकायचे, म्हणजे शफीकभाईंना दिसू नये. शफीकभाईंना सगळं दिसायचं. ते बिचारे खिडकीबाहेर बघत बसायचे.

"अप्पा, म्हशीला नाडी असते," मी म्हणाले. "शेपटीखाली बघतात."

बियाणी दचकले. दादा पलंगावरून "उर्मे!" म्हणून ओरडले. मी अशीच आहे, तेव्हाही होते. आई मी चौथीत असताना गेली, त्यामुळं जिभेला लगाम घालायला घरात कुणी नव्हतं.

"आणि परभणीच्या जनावरांच्या कॉलेजात माझा नंबर लागलाय," मी म्हणाले. "माझ्या वर्गातून एकटीचा. फी माफ होते. राहण्या-खाण्याचं आणि पुस्तकांचं निधीनं बघावं, एवढंच मागतेय."

कशासाठी मागत होते ते सांगते. मी नववीत असताना आमच्या गल्लीतल्या पठाणचाचांची म्हैस अडली. रेडकू आडवं झालं होतं. सरकारी डॉक्टर आले, त्यांचा हात पडला जाड. ते घामाघूम झाले आणि गर्दीकडं बघून म्हणाले, "कुणाचा हात बारीक आहे?" मी पुढं झाले. कोपराच्या वरपर्यंत तेल लावून त्यांनी माझा हात आत घालायला लावला आणि बाहेरून सांगत राहिले, हा खूर, ही मान, आता वळव. ते ओलं, गरम अंग माझ्या हातात वळलं तेव्हा मी रडायलाच लागले. रेडकू जगलं. दादा घरी येताना सगळ्यांना सांगत होते, "माझ्या उर्मीच्या हातात गुण हाय." त्या दिवसापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

बियाणींनी चष्मा पुसला. "हे बघ पोरी, यंदापासून मंडळानं धोरण बदललंय. ज्या कामाला मागणी आहे, त्याच शिक्षणाला मदत. आजवर आपण मागेल त्याला दिलं. डी.एड.ला पोरं पाठवली. आज त्यातलं एक मोबाइलची कार्डं विकतंय, दुसरं सासऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसतंय. पैसा गेला तो गेला, पोराचीही वर्षं वाया."

ते काही खोटं बोलत नव्हते. ती दोन्ही पोरं माझ्या ओळखीची होती.

"मग मागणी कशाला आहे?" मी विचारलं.

"डायलिसिस टेक्निशियन."

"आणखी?"

"यंदा तेवढंच."

"ही मागणी गावाची का अध्यक्षांची?"

बियाणींचा चेहरा पडला. दादांनी डोळे मिटून घेतले. अप्पा मात्र पुन्हा हसले, या वेळी हात न हलवता. "दोघांची समज. शफीक चाललाय सौदीला, पुढच्या महिन्यात. दवाखान्यानं पेपरात जाहिरात दिली, एक कुत्रं फिरकलं नाही. शिकलेली पोरं शहर सोडून इथं कशाला मरायला येतील? आपल्याच गावचं कुणीतरी शिकवून आणलं, तर टिकेल. दोन वर्षांचा कोर्स. फी, राहणं, खाणं, सगळं निधीचं. परत आलीस की इथंच नोकरी पक्की. बाप तुझ्या हाताखाली राहील. आणखी काय पाहिजे माणसाला?"

तेव्हा दादा बोलले. उभ्या जन्मात त्यांनी अप्पांकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अप्पा, पोरीचा नंबर लागलाय ओ. पाच वर्षांचंच शिक्षण हाय."

"पाच वर्षं!" अप्पा म्हणाले. "नागनाथ, पाच वर्षं तू बघशील का मी?"

मग अप्पाच मऊ आवाजात मला म्हणाले, "जा, बाहेर बसून विचार कर. मशीन सुटायच्या आत सांग. बियाणी, तुम्हीही चहा घेऊन या."

बियाणी चहाला गेले. मी व्हरांड्यात बाकड्यावर बसले. थोड्या वेळानं शफीकभाई येऊन शेजारी टेकले. त्यांच्याशी मी नेहमी भांडायची, कारण ते दादांना पाण्यावरून रागवायचे. त्या दिवशी भांडायचं सुचलं नाही.

"तुम्ही गेल्यावर इथं काय होणार, खरं सांगा," मी म्हणाले.

"जिल्ह्याहून माणूस येईल, आठवड्यातून दोनच दिवस. म्हणजे पाळ्या निम्म्या, प्रत्येकाला इथं एकच."

"एक पाळी पुरते?"

"ज्याच्या किडनीत थोडी धुगधुगी आहे त्याला पुरते. तुझ्या अब्बांना नाही." ते हातातली टोपी चाळवत होते. "एक इथं, एक जिल्ह्याला जाऊन घेतली, पाणी तोडलं, तर माणसं वर्ष-दोन वर्षं काढतात. मी बघितलीत. पण एसटीनं जाऊन, चार तास मशीनवर पडून, परत एसटीनं यायचं. फार दिवस नाही जमत."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं, इन्शाल्ला."

"आणि पाच?"

ते उठून आत गेले. परभणी, होस्टेल, पांढरा कोट, सगळं डोळ्यांपुढं होतं, आणि त्याच्या पुढं दादांचे सुजलेले पाय. मी काही फार मोठ्या मनाची नव्हते. मला राग आला होता, अप्पांचा, दादांचा, त्यांच्या मेलेल्या किडन्यांचा. पण आईवाचून वाढलेल्या पोरीनं बापालाही घालवायचं का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर व्हरांड्यात बसल्या बसल्या मिळालं.

मी दाराशी आले आणि काचेतून आत पाहिलं. अप्पांची सुई उजव्या हाताला असायची, दादांची डाव्या हाताला, त्यामुळं दोन पलंगांच्या मधल्या बाजूचे दोघांचेही हात मोकळे. त्या दोन हातांवर टॉवेल पडला होता आणि टॉवेलाखाली काहीतरी हलत होतं. अप्पा छताकडं बघत होते. दादा अप्पांच्या तोंडाकडं बघत होते, जीव गोळा करून. म्हटलं, झालं, यांचं केळं सुरू झालं. इथं माझ्या आयुष्याचं वाटोळं होतंय आणि हे दोघं पोरांसारखे लपून खातायत! मला हसूही आलं. त्यांचं होऊ द्यावं म्हणून मी जरा थांबलेसुद्धा.

मग बियाणी चहा पिऊन आले आणि त्यांच्या मागोमाग मी आत गेले.

"अप्पा," मी म्हणाले, "मी दोन वर्षांचा कोर्स करते."

दादा ताडकन उठायला गेले. मशीन कोकललं. शफीकभाईंनी त्यांना खांद्याला धरून झोपवलं, तरी ते मान वर करून बोलतच होते. "उर्मे, थांब. थांब जरा. घाई करू नको."

"घाई नाही, दादा. मी ठरवलंय."

"तू गप! अप्पा..." दादा अप्पांकडं वळले. "अप्पा, तुम्ही सांगा की."

अप्पांनी दादांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. बाजारात माल बघताना ते असाच चेहरा करायचे, कशाचा काही पत्ता लागू न देणारा.

"पोरगी स्वतःच्या तोंडानं मागतेय, नागनाथ," ते म्हणाले. "त्यावर मी काय सांगू?"

दादांनी तोंड भिंतीकडं केलं. मला वाटलं, पोरीनं आपल्यासाठी शिक्षण सोडलं म्हणून वाईट वाटतंय. पलंगांच्या मधे टॉवेल खाली पडला होता, तो मी उचलून झटकला. केळ्याची साल कुठं दिसली नाही. मी टॉवेल घडी करून दादांच्या उशाशी ठेवला आणि बियाणींनी दाखवलं तिथं सही केली.

तो आठवडा दादा माझ्याशी धड बोलले नाहीत. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि नुसता धरून ठेवला. "बारीक हाय अजून," एवढंच म्हणाले. गाडी हलली तरी हात सोडेनात, कंडक्टर ओरडला तेव्हा सोडला.

सोलापुरात मी सुया टोचायला शिकत होते. आमच्या घराशेजारच्या दुकानाच्या फोनवरून दादांशी बोलणं व्हायचं. "मशीन चाललंय ना?" विचारलं की म्हणायचे, "चाललंय की. तुझं चालू दे." श्वास लागलेला ऐकू यायचा. मी म्हणायची, पाणी कमी प्या. ते म्हणायचे, व्हय, टेक्निशियनबाई. नवरात्राच्या आतच आत्याचा निरोप आला, आणि मी पोचले तोवर त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं. तोंड ओळखू येणार नाही इतकं सुजलं होतं.

दहावा झाल्यावर मी दवाखान्यात गेले. जिल्ह्याहून येणारा टेक्निशियन नवा होता. म्हणाला, "भिसे? ते तर मी आल्यापासून एकदाही आले नाहीत. त्यांची पाळी हलकुडे अप्पांना जाते. ते दोनदा घेतात."

मी तशीच अप्पांच्या घरी गेले. ते ओसरीत आडवे पडले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "नागनाथनं आपणहून सोडली. नको म्हणाला आता. मी काय त्याला ओढत नेणार होतो?"

तुम्हाला खरं सांगते, त्या दिवशी माझ्या मनातून दादा उतरले. ज्याच्यासाठी मी हातातोंडाशी आलेला घास सोडला, तो माणूस मशीनच सोडून बसला! दोन वर्षं कळ काढली नाही त्यांनी. माझी परभणीची जागा केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती, निधीच्या कागदावर माझी सही होती. मी परत सोलापूरला गेले आणि दात-ओठ खाऊन शिकले. दर सालाला आत्या श्राद्धाचं पान वाढायची, मी आपली भिंतीला टेकून बसायची. कावळा शिवला काय, न शिवला काय.

कोर्स संपवून आले आणि त्याच खोलीत उभी राहिले. पहिली सुई अप्पांनाच टोचली. हात हलका पडला म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. अप्पा तर दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. पुढं मशीनं वाढली, पेशंट वाढले, हाताखाली दोन पोरी आल्या, पण अप्पांचा पलंग माझा. गावात मला मान होता, पगार वेळेवर होता. बियाणी दरवर्षी निधीच्या कार्यक्रमात मला उभं करून सांगायचे, "ही बघा आपल्या धोरणाची गोड फळं." लोक टाळ्या वाजवायचे. आणि खोटं कशाला सांगू, मला अप्पांचा लळाही लागला होता. बापाच्या जागी शिल्लक राहिलेलं ते एकच माणूस होतं. त्यांचं केळं मीच सोलून द्यायची.

बरीच वर्षं अशी गेली. अप्पा चिपाडासारखे झाले. एके दिवशी मशीन लावून मी त्यांच्या हातात केळ्याचा तुकडा ठेवला, तर त्यांनी तो खाल्ला नाही. बाजूला ठेवला.

"उर्मिला, टॉवेल घे," ते म्हणाले. "या हातावर टाक. आणि तुझा हात आत घाल."

"का ओ अप्पा, काय विकायचंय आज?" मी थट्टेनं म्हणाले आणि हात घातला.

टॉवेलाखाली त्यांनी माझा पंजा धरला. अख्खा, आवळून. हाडं लागत होती.

"किती झाले?"

"पाच," मी म्हणाले. मापाड्याची पोरगी मी, मला कळायचं कसं राहील?

"तुझ्या बापानं हेच धरलं होतं. इथंच. तू बाहेर शफीकशी बोलत होतीस तेव्हा."

मला काहीच समजेना. ते थांबून थांबून बोलत होते, श्वास पुरत नव्हता.

"पहिल्यांदा मी दोन बोटं धरली त्याची. म्हटलं, दोन वर्षांचा कोर्स, त्यापुढं नाही. त्यानं माझा पंजा धरला. पाच. मी परत दोन धरली. त्यानं परत पाच. आणि उशीवरूनच मान वळवून हळूच म्हणाला, 'अप्पा, माझी पाळी तुम्हाला घ्या. शफीक गेला तरी तुमची दोनदा होईल. मी मशीन सोडतो. पोरीला पाच वर्षं द्या.' मी अख्खा पंजा धरला. सौदा झाला."

माझा हात टॉवेलाखालीच होता. तो माझा आहे की नाही, तेही मला कळत नव्हतं.

"मग तू आत आलीस आणि तोंडानं दोन मागितलेस."

"तुम्ही बोलला नाहीत," मी म्हणाले. "दादा सांगा म्हणत होते. तुम्ही बोलला नाहीत."

"मागणाऱ्यानं कमी मागितलं, तर मी जास्त द्यायला तयार होतो असं कुठला व्यापारी सांगतो? आम्हाला हेच शिकवलेलं. तोंडातून शब्द निघालाच नाही बघ." त्यांनी डोळे मिटले. "पुढच्या पाळीला मी नागनाथला म्हणालो, सौदा मोडला, तुझी पाळी तू घे. तो ऐकेना. म्हणाला, 'जन्मात एकदा हत्त्यात हात घातलाय अप्पा, मी मोडणार न्हाई. तुम्हीबी मोडू नका. परभणीची तारीख अजून गेली न्हाई.' शफीक गेल्यावर पाळीला आलाच नाही परत. शेवटी शेवटी एका हमालाकडनं निरोप धाडला. पाच ठरले होते, पोरीला सांगा."

"मग का नाही सांगितलंत?"

त्यांनी डोळे उघडले.

"तोवर तू सुया टोचायला शिकायला लागली होतीस," ते म्हणाले. "आणि मला सुई टोचणारं माणूस पाहिजे होतं."

मी टॉवेलाखालून हात काढला. मशीनचं बटण माझ्या कोपरापाशी होतं. मी बटणाकडं पाहिलं नाही असं सांगणार नाही. पाहिलं. पण माझ्या डोळ्यांपुढं अप्पा नव्हतेच. दादा होते, त्या घरात एकटे, पाय सुजलेले, उशाशी पाण्याचा पेला, फोनवर धापा टाकत "चाललंय की" म्हणणारे. आणि मी होते, इतक्या वर्षांच्या श्राद्धांना भिंतीला टेकून बसलेली. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल मोजणाऱ्या माझ्या बापानं एकदाच स्वतःचं काही विकायला काढलं होतं, त्याची किंमत पुरेपूर दिली होती, आणि त्याला मोबदल्यात टेक्निशियन मिळाली, तीसुद्धा घेणाऱ्याच्या उपयोगाची. मी तिथंच, पेशंटांच्या देखत, तोंडात पदर कोंबून रडले. हाताखालच्या पोरी धावत आल्या. मी त्यांना हातानंच लांब केलं.

"उर्मिला," अप्पा म्हणाले. त्यांचा डावा हात टॉवेलाखाली तसाच होता, पंजा उघडा. टॉवेलावरून कळत होतं. "हे ओझं घेऊन मला जाववत नाही. एकदा धर. फिटलं म्हण."

मी उठले. दुसऱ्या पेशंटांचं बीपी घेतलं, पाण्याचा प्लांट बघून आले, मशीनचे आकडे लिहिले. त्यांची वेळ पूर्ण चालवली. मधे दोनदा त्यांच्याजवळून गेले तेव्हा तो हात टॉवेलाखाली तसाच उघडा होता.

वेळ झाली. मशीन थांबवलं, रक्त परत अंगात गेलं, आणि मी सुया काढायला बसले. सुई काढली की भोकावर कापसाचा बोळा ठेवून, रक्त थांबेपर्यंत दाबून धरावं लागतं. सैल सोडलं तर पिचकारी उडते, जोरात आवळलं तर शीर कायमची बंद पडते. हे काम मी कुणावर सोपवत नाही.

मी बोळा ठेवला. अप्पांनी टॉवेल बाजूला सारला आणि मान वळवून माझ्या हाताकडं बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, आता तरी मी पंजा धरीन.

मी बोळ्यावर दोन बोटं ठेवली. तेवढीच लागतात.